अकोल्याला कधी यावं

अकोल्याला कधी यावं, हे ठरवण्याचा अधिकार आमच्या घरमालकांनी स्वतःकडे ठेवला होता. तो त्यांना कोणी दिला, हे विचारायची सोय नव्हती. मी त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, घरात मटण शिजेल का तेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं पाहुणे कधी येतात?"

मला वाटलं पाण्याची काळजी असेल. मोर्णा नदीच्या अलीकडे, जुन्या शहरात, नळाचा काही भरवसा नसतो. मी म्हटलं, "फारसं कोणी नाही. आई येईल कधीतरी. सुट्टीत."

"कोन्त्या सुट्टीत?"

"मे महिन्यात."

पुढे केलेली किल्ली त्यांनी सरळ मागे घेतली. "मे मंदी नाई. दिवाळी झाली का बोलवा, शिमग्याच्या आंधी वापस धाडून द्या. मंजूर असन तं घर तुमचं."

मी मूळची रत्नागिरीकडची. बँकेने बदली करून अकोल्यात आणून टाकलेली, चार घरं बघून पाय दुखलेले. मी "मंजूर" म्हटलं. भाड्याचं बोलणं नंतर, उभ्या उभ्या झालं.

घरमालकांना सगळे काका म्हणत. उंच, काटकुळे. पांढरा पायजमा, वर बनियन, आणि गळ्यात बारा महिने दुपट्टा. उन्हाळ्यात तो ओला असायचा आणि थंडीत कोरडा, एवढाच ऋतूंचा फरक त्यांच्या अंगावर दिसे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली होती. तिथे समोरच्याला गाडीची वेळ सांगायची एवढंच काम, पण काकांचं तेवढ्यावर भागत नसे. ती गाडी त्याच्यासाठी बरी की वाईट, हेही ते सांगत. काकूंनी मला नोकरीच्या शेवटच्या वर्षातला एक किस्सा सांगितला होता. मे महिन्यातली भर दुपार. काकांनी लाऊडस्पीकरवर सांगितलं की बाळापूरची गाडी लागली आहे. इथे थांबायचं ना! पण माईक हातात होता. ते पुढे म्हणाले, "ज्यायले अर्जंट काम नाई, त्यायनं पाचच्या गाडीनं जावं. तपन लय हाय. बाळापूर काई पळून नाई जाऊन राहिलं."

अर्धी गाडी खाली उतरली. ड्रायव्हर-कंडक्टर भांडायला आले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून झापलं, तेव्हा काकांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि निघताना दारातून म्हणाले, "साहेब, तुमी बी आता जेवाले घरी नोका जाऊ. डबा बोलावून घ्या."

साहेबांनी त्या दिवशी डबाच मागवला म्हणे.

त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते ऐकवल्याशिवाय ते कोणाला चहा प्यायला देत नसत. "ताप आलेल्या मानसाले पाह्याले लोकं जातात, तवा थो कसा दिसते? डोळे लाल, तोंड उतरेल. आता कोनी पयल्यांदाच त्याले पाह्यलं, तं थो म्हनन हा मानूसच असा हाय. होय का नाई? शहराचं बी तसंच हाय. अकोल्याले मे मंदी ताप येते. तापात पाहुणा बोलवाचा नाई." मे महिन्यात लग्नाला आलेला पाहुणा गावी जाऊन जन्मभर अकोल्याची बदनामी करतो, आणि त्याच्या बदनामीवर त्याची पुढची पिढी पोसली जाते, अशी त्यांची खात्री होती. त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या बँकेत बदलीचा हुकूम आला की लोक अकोल्याचं नाव ऐकून आधी रजेचा अर्ज शोधतात.

शहराच्या बदनामीचं दुःख इतकं मनाला लावून घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. संध्याकाळच्या बातम्यांत राज्यातलं सगळ्यात तापलेलं शहर कोणतं ते सांगतात. उन्हाळाभर काका ती बातमी परीक्षेच्या निकालासारखी ऐकत. अकोल्याचं नाव निघालं की टीव्ही बंद. मग जेवताना गप्प. "थ्यायचं यंत्रच चुकीच्या जागी लावेल हाय," एवढंच पुटपुटणं. आणि ज्या दिवशी चंद्रपूर पुढे जाई, त्या दिवशी ते जिन्याखालून मला हाक मारत, "मॅडम, खाली या! आज चंद्रपूर!" आणि काकूंना जिलबी आणायला लावत. चंद्रपूरच्या लोकांनी त्यांचं काय घोडं मारलं होतं देव जाणे. काकू म्हणायच्या, "दुसऱ्याच्या घरी आग लागली तं हे इथं हात शेकतात. बह्याड मानूस!"

काकूंचं माहेर अमरावती. संसारातली सगळी भांडणं संपली, तरी अमरावतीची हवा बरी की अकोल्याची, हे एक भांडण त्यांनी जपून ठेवलं होतं. काकू म्हणत, "आमच्या अमरावतीले संध्याकाळी वारा सुटते." काका म्हणत, "म्हनूनच तुह्या भावाचं डोकं हलकं झालं." या भावाने आपल्या मुलीचं लग्न मे महिन्यात काढलं, तेव्हा काका खास अमरावतीला गेले आणि तारीख पुढे ढकला म्हणून दिवसभर बसून राहिले. मुहूर्त निघाला आहे म्हटल्यावर म्हणाले, "भटजी काय तपनीत उभा राहून मुहूर्त काढते का? पंख्याखाली बसून काढते." लग्न मेमध्येच झालं. काका पोतंभर कांदे घेऊन गेले आणि मंडपाच्या दारात उभे राहून वरपक्षातल्या प्रत्येकाच्या हातात एकेक कांदा दिला, खिशात ठेवा म्हणून. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, ही इकडची जुनी समजूत. त्या लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या शेरवानीचा खिसा एका बाजूने फुगलेला दिसतो. काकू तो फोटो दाखवताना अजून लाजतात.

थंडीत मात्र हाच माणूस ओळखू येत नसे. दिवाळीचा फराळ संपला की ते शहराचे यजमान होत. नात्यातले, ओळखीतले, गाडीत शेजारी बसलेले, सगळ्यांना बोलावणं. मोर्शीकडची संत्री पेटीने येत. तुरीच्या ओल्या शेंगा उकडल्या जात. कोणी पाहुणा आला की सकाळी त्याला गच्चीवर नेऊन उभं करत आणि म्हणत, "घ्या श्वास. घ्या ना! पैसे नाई लागत." पाहुणा बिचारा लोकरीच्या टोपीत कुडकुडत श्वास घेई. मग काका त्याच्या तोंडाकडे बघत राहत, त्याने चांगलं काही म्हणावं म्हणून. आणि तो काही म्हणाला की इतके खूश होत, की मला त्यांची मजाही वाटे आणि थोडं वाईटही.

वाईट वाटायचं कारण मला काकूंनी सांगितलं, एका रविवारी, तूर निवडताना.

यांना एकच मुलगा. पुण्यात नोकरीला, बायको तिकडचीच. लग्नानंतर पहिल्यांदा सून सासरी राहायला आली ती मे महिन्यात. काका तिला उत्साहाने जुनं शहर दाखवायला घेऊन गेले. किल्ला, बाजार, त्यांची चौकशीची खिडकी. भर अकरा वाजता. त्यांना स्वतःला ऊन लागत नसे, तेव्हा दुसऱ्याला लागतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं. संध्याकाळी पोरगी फणफणली. रात्रीतून दवाखान्यात न्यावं लागलं, सलाइन लावावं लागलं. दोन दिवसांनी बरी झाली आणि पुण्याला गेली.

"तवापासून यायनं डोक्शात घेतलं," काकू म्हणाल्या. "मे मंदी कोनीच याचं नाई. ते बी मंग आलेच नाई. नात झाली, आता तिसरीत हाय. तिनं हे घर पाह्यलं नाई अजून. दिवाळीले पोराले सुट्टी नसते, म्हनून आमीच पुण्याले जातो, चार दिवस राह्यतो, येतो."

"पण मग थंडीत का येत नाहीत?"

"थंडीत शाळा असते ना, बाई."

त्यांनी तूर पाखडायला घेतली आणि विषय संपवला. मला मात्र तो विषय संपल्यासारखा वाटेना. म्हणजे हा माणूस दरवर्षी जगाला थंडीत या म्हणून आमंत्रणं देत होता, आणि त्याची स्वतःची नात येऊ शकेल अशी एकच सुट्टी होती, तिच्यावर त्याने स्वतःच कुलूप घातलं होतं. जिन्यातून वर जाताना मला त्यांचा राग आला. इतका हट्टीपणा कशाला, असं वाटलं.

माझ्या आईला मी करारानुसार डिसेंबरात आणलं. बाबा गेल्यापासून ती गावातल्या घरात एकटी होती. तिला दम्याचा त्रास. पावसाळ्यात भिंतींना ओल चढली की तिची छाती भरायची आणि मग पार दिवाळीपर्यंत पंप हातातून सुटायचा नाही. तिने कायमचं माझ्याकडे यावं, असं माझ्या मनात होतं, पण आई म्हणजे फणस. नुसतं ओढून निघणारी नाही. म्हटलं, अकोल्याची थंडी बघेल, संत्री खाईल, रुळेल.

काकांनी तिचा असा पाहुणचार केला की मीच पाहुणी असल्यासारखी कोपऱ्यात बसले. भरीत, भाकरी, संत्री. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गच्ची. "घ्या ताई, श्वास घ्या."

आईने घेतला आणि तो परत बाहेर येईना. पहाटेची ती कोरडी गार हवा, त्यात रस्त्यावर कोणी शेकोटी पेटवलेली. आईला असा खोकला लागला की काका घाबरून तिच्या पाठीवर दुपट्ट्याने वारा घालू लागले, जणू तिला ऊन लागलं होतं. त्या मुक्कामात तिची छाती काही सुटली नाही. आठवडाभराने मी तिला गाडीत बसवलं. ती म्हणाली, "माणसं सोन्यासारखी आहेत गो. पण तुझं हे अकोला मला मानवायचं नाही." काका त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात गावच्या घराची कौलं काढून पत्रे घालायला घेतले. आई शेजाऱ्यांकडे राहिली, तिथे तिचं पटेना. एक दिवस फोन आला, "मी येत्ये. तिकीट काढलंय."

मी खाली जाऊन सांगितलं. काकांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "मॅडम, तिकीट कॅन्सल नाई होत का?"

"नाही होत." खरं तर होत होतं.

"ताईले काई झालं तं मी कोन्त्या तोंडानं जगू?"

हे त्यांनी असं काही म्हटलं, की माझा राग तिथल्या तिथे गेला. माणूस हट्टी नव्हता. घाबरलेला होता. एवढी वर्षं अख्ख्या गावाला दटावत फिरणारा हा माणूस आतून एका सलाइनच्या बाटलीला घाबरून बसला होता.

मग त्यांनी तयारी आरंभली. जुन्या शहरातल्या त्यांच्या ठरलेल्या कूलरवाल्या चाचांना बोलावलं. चाचा म्हणाले, "भाऊ, पिछले महिनेच तो ताट्या बदल्या!" तरी वाळ्याच्या नव्या ताट्या बसल्या. खिडक्यांना ओले पडदे. कैरीचं पन्हं. सकाळी नऊनंतर दारं-खिडक्या बंद, संध्याकाळी सहाला उघडायच्या, असा हुकूम. स्टेशनवर स्वतः आले, दोन कांदे घेऊन. एक आईच्या पिशवीत टाकला आणि तिचा हात धरून, काचेचं भांडं न्यावं तसं, रिक्षात बसवलं.

आईने घरात आल्या आल्या पहिलं काम केलं ते कूलर बंद करण्याचं. "ही ओली हवा नको हो भाऊ. आयुष्यभर ओलीतच राहिले."

"अवं ताई, मराल!"

"बघू तर."

ती नुसत्या पंख्याखाली पडून राहिली. मी बँकेत गेले, पण लक्ष लागेना. दर तासाला काकूंना फोन. दुपारी आईच फोनवर आली आणि म्हणाली, "अगो, ऐक." आणि गप्प झाली. मी घाबरून म्हटलं, "काय ऐकू?" ती म्हणाली, "हेच. छाती वाजत नाहीये."

मला बँकेच्या काउंटरवर रडू आलं. समोरच्या खातेदाराला वाटलं त्याच्या पासबुकात काहीतरी भानगड आहे.

तिला काय मानवलं, हे डॉक्टरांनी नीट सांगितलं नाही, "कोरड्या हवेनं होतं कुणाकुणाला बरं" म्हणाले. आईला कारण नकोच होतं. तिला अकोल्याचं ऊन सापडलं होतं. आमच्याकडे मे महिन्यात वाळवणं घालायची म्हणजे एक डोळा आभाळावर, आणि कापडाला हात लावावा तर ते चिकट. इथे सकाळी घातलेली कुरडई दुपारी कडकडत होती. तिने काकूंबरोबर कुरडया घातल्या, पापड घातले, काड्यांवर कणीक गुंडाळून सरगुंडे करायला शिकली, ते आमरसाबरोबर खाल्ले, मग घरातल्या सगळ्या गोधड्या धुऊन काढल्या. उजाडायला गच्चीवर जायचं, ऊन चढायच्या आत खाली यायचं, एवढा एक नियम तिने पाळला. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून आम्ही सगळे तिथेच अंथरुणं घालायचो. पंप तिच्या पिशवीत तळाला गेला.

काका हे सगळं संशयाने बघत होते. रोज सकाळी जिन्यात उभे राहून विचारत, "ताई, बरं हाय ना? डोकं दुखते का? मळमळते का?" आई म्हणायची, "भाऊ, मला काही झालेलं नाही. तुमचा मे महिना फार गुणाचा आहे."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ते खाली पायरीवर बसले. अकोल्याच्या मे महिन्याला कोणी चांगलं म्हटलेलं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

एका संध्याकाळी गच्चीवर आई वाळवण गोळा करत होती. काका पाणी शिंपडत होते. आईने सहज विचारावं तसं विचारलं, "नात कधी येणार?" आईचं सहज कधीच सहज नसतं.

"येईन थे. थंडीत बोलावतो मी दरवर्षी."

"थंडीत शाळा असते."

"मंग काय करता? तपनीत आनून लेकराले मारू?"

"मी मेले का?"

काका शिंपडायचे थांबले. पाण्याची बादली तशीच हातात.

"सून नाही म्हणते का?" आईने विचारलं.

"थे काहून नाई म्हनन? थे तं दर एप्रिलमंदी ईचारते, बाबा, सुट्टीत येऊ का म्हनून. मीच म्हन्तो नोको येऊ."

काकू कुरडयांचं सूप खाली ठेवून उभ्या राहिल्या. बहुधा त्यांनाही हे माहीत नव्हतं. "ईचारते? दरवर्षी? अन् तुमी मले सांगतलं नाई?"

"तुले सांगतलं असतं तं तू ये म्हनली असती."

काकूंनी कमरेचा मोबाईल काढला, तिथेच गच्चीवर सुनेला लावला आणि मोठ्या आवाजावर टाकला. म्हणाल्या, "पोरी, मी बोलून राहिली. सुट्टी लागली ना? पोरीले घेऊन ये."

सून म्हणाली, "आई, बाबांना विचारलंत का?"

"हे इथंच उभे हायत."

"नको मग." तिचा आवाज बारीक झाला. "दरवर्षी मी विचारते, ते दरवर्षी नको म्हणतात. पहिल्या खेपेला मी आजारी पडले, सगळ्यांना त्रास दिला. त्यांना मी त्या घरात नकोय, हे मला कळलंय, आई. मी काही मनात ठेवलं नाही. पण पोरीसमोर पुन्हा नको ऐकायचं नाहीये मला."

मी काकांकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. त्यांचं तोंड बघवत नव्हतं. ते मोबाईलजवळ गेले, वाकले, खिडकीतून तिकीट देणाऱ्याशी बोलावं तसे. लाऊडस्पीकरवर अर्धी गाडी उतरवणारा माणूस. त्याला आपल्या सुनेशी एक शब्द बोलता येईना.

शेवटी म्हणाले, "मी तुले नोको नाई म्हनलं, माय. तपनीले नोको म्हनलं."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. काकूंनी पदर तोंडाला लावला. माझी आई मात्र खमकी. मोबाईलकडे तोंड करून म्हणाली, "बाळ, मी वरच्या मजल्यावरची. तू मला ओळखत नाहीस. रात्रीच्या गाडीनं निघ, म्हणजे सकाळी गारव्यात पोचशील. बाकी आम्ही बघतो."

मुलाला रजा नव्हती. सून आणि नात आल्या. काकांनी स्टेशनवर नातीला उचललं ते घरी येईपर्यंत खाली ठेवलं नाही. पोरगी तिसरीतली, चांगली लांबलचक. तिचे पाय त्यांच्या गुडघ्यांवर आपटत होते. "आजोबा, मला चालता येतं," ती म्हणत होती, पण ऐकतो कोण.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी शनिवार, मला सुट्टी. बाराच्या सुमारास पोरगी घरात सापडेना. काका घरभर हाका मारत फिरले. ती गच्चीवर होती, अनवाणी, माझ्या आईच्या पापडांवर ठेवलेले दगड गोळा करत, तळपायाला चटका बसला की उडी मारत, हसत. काकांनी तिला उचलून खाली आणलं तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. तिने दोन वाट्या आमरस खाल्ला आणि थंड फरशीवर आडवी झाली, ती हलेना.

काका तिच्याजवळ बसले. दुपट्टा ओला करून कपाळावर ठेवला. हात लावून बघितला. पुन्हा लावला. "अंग गरम हाय," म्हणाले. काकूंनी हात लावला, म्हणाल्या काही नाही. काकांनी मला हात लावायला लावला, मग आईला. थर्मामीटर आणलं, त्यातलं त्यांना दिसेना. मी वाचून सांगितलं, ताप नाही. त्यांना पटेना. "हे यंत्र बी जुनं हाय." रिक्षा बोलावून ठेवा म्हणाले. मला खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. पोरगी एवढ्या आवाजातही जागी होत नव्हती.

सून दारात उभी राहून हे बघत होती. ती हळूच काकूंना म्हणाली, "मी दवाखान्यात होते तेव्हा बाबा एकदाही खोलीत आले नाहीत. मला वाटलं, वैतागले."

"खोलीत?" काकू म्हणाल्या. "दवाखान्याच्या पायऱ्यायवर बसून होते दोन दिवस. जेवाले बी उठले नाई. तुले तोंड दाखवाची हिंमत नव्हती, म्हनून आत नाई आले."

सून पुढे आली, काकांच्या शेजारी फरशीवर बसली, त्यांच्या हातातला दुपट्टा घेऊन पिळला आणि पुन्हा त्यांच्या हातात दिला. दोघं तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने पोरीने डोळे उघडले, आजोबांचं तोंड एवढ्या जवळ बघून दचकली आणि म्हणाली, "अजून आंबा आहे का?"

काका हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. उठून त्यांनी आंब्याची अख्खी टोपलीच तिच्यासमोर आणून ठेवली. मी जिन्यात जाऊन बसले आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आईकडून शिकले असेन.

त्या सुट्टीनंतर माझी नाशिकला बदली झाली. आई अजूनही दर मे महिन्यात अकोल्याला जाते. मला विचारत नाही, काकूंना कळवते. काका आता म्हातारे झालेत, पण लोकांना सल्ला देणं थांबलेलं नाही. फक्त त्यात आता फाटे फुटलेत. थंडीत फिरायला या. छाती भरत असेल तर मेमध्ये या, पण दुपारी बाहेर पडू नका. पावसाळ्यात येऊ नका, कूलर काम करत नाही. सल्ला लांबला तसा चहाही गार होतो, असं काकू म्हणतात.

पण मला आठवतो तो त्या सुट्टीत सून परत निघाली तेव्हाचा निरोप. स्टेशनवर आम्ही सगळे होतो. पोरगी गाडीत जाऊन आतून काचेला नाक लावून बसली होती. सून डब्याच्या दारात उभी होती, हातात सरगुंड्यांचा डबा. तिने काकांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "बाबा, पुढच्या वेळी कधी येऊ?"

काकूंनी त्यांच्याकडे डोळे वटारले. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"पाहुण्यायनं ईचारा लागते, माय," ते म्हणाले. "तू कायले ईचारून राहिली?"

गाडी सुटली. सून दारातच उभी राहिली आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत आत गेली नाही.